गाडी कुणाची, चावी कुणाकडे?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्रापुढे 'अपारंपरिक रोजगार : वाहनचालक स्त्रिया' असं लिहिलं आहे. हा विषय आपल्याला नवा नाही. रिक्षा शिकवणं, कार शिकवणं, लायसन्स काढायला मदत करणं हे आपल्यापैकी अनेक गटांनी केलेलं आहे. आज मला बोलायचं आहे ते जरा वेगळ्या बायकांविषयी. ज्यांच्या दारातच बस उभी असते त्या बायकांविषयी, म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्यांच्या घरातल्या.

मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून दहा वर्षं तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात काम करते. पण त्याआधीपासून मी ट्रॅव्हल्सवाल्याची मुलगी आहे. माझ्या माहेरी दोन बस आहेत. त्यामुळे या घरांतल्या बायका केंद्रात आल्या की त्यांचं बोलणं मला लवकर कळतं. 'पासिंग अडकलंय', 'हप्ता थकलाय', 'गाडी खोटी पडली' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

घरातला धंदा

शंभर-दीडशे गाड्या असलेल्या मोठ्या कंपन्यांचं मी बोलत नाही. एक ते चार बस असलेले मालक आपल्याकडे गावोगाव आहेत. यातले बरेच जण आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. थोडी शिल्लक, थोडं कर्ज आणि बायकोचे दागिने यांतून एक जुनी बस घ्यायची, पहिली काही वर्षं ती स्वतःच चालवायची, मग दुसरी घ्यायची, अशी या धंद्याची चाल असते.

एसटीसारखे थांब्याथांब्यावर प्रवासी घ्यायची परवानगी या गाड्यांना नसते. त्यांचं परमिट कंत्राटी असतं. कुणी, कुठून कुठे आणि किती भाड्यात जायचं ते आधी ठरलेलं असायला हवं, वाटेत कुणाला चढवता-उतरवता येत नाही. म्हणून या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडावर, शाळांच्या सहलींवर, अष्टविनायक-पंढरपूर-तुळजापूरच्या यात्रांवर, कारखान्यांतल्या कामगारांच्या ने-आणीवर जगतात. लग्नसराई संपली की पावसाळ्यात गाडी दारात उभी राहते. हप्ता मात्र बाराही महिने असतो.

या धंद्यात बाई काय करते? फोन घेते. वहीत तारीख लिहिते, ॲडव्हान्स घेते. ड्रायव्हर-क्लिनरचा भत्ता मोजून देते. फेरीचे किलोमीटर आणि डिझेलच्या पावत्या समोरासमोर ठेवून कुठे गळती आहे ते शोधते. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, पासिंग यांच्या तारखा तिच्या डोक्यात असतात. यात्रेहून आलेल्या गाडीतली ओकारी तीच धुते, पडदे आणि सीटकव्हर तीच काढते. रात्री दोनला गाडी आली तर ड्रायव्हरचं ताट तीच वाढते. माझ्या आईने हे पंचवीस वर्षांहून जास्त केलं आहे. २०११ च्या जनगणनेला आलेल्या गुरुजींनी 'बाई काय करतात?' असं विचारलं. अण्णा म्हणाले, 'घरीच असते.' आईनेही मान हलवली.

म्हणून मला वाटतं की वाहतुकीच्या धंद्यात बाईला 'आणण्याची' भाषा या घरांपुरती तरी चुकीची आहे. ती त्यात आहेच. गाडीची चावी, बँकेतली सही आणि निर्णय हे तिच्याकडे आलेले नाहीत.

नाव तिचं, नंबर त्याचा

तुम्ही म्हणाल, कितीतरी गाड्या बायकोच्या नावावर असतात. असतात. नवऱ्याच्या नावावर आधीचं कर्ज थकलेलं असतं, कधी दोन कर्जं एका नावावर मिळत नाहीत, कधी भावाभावांत वाटणी व्हायची असते. मग आरसी बुकावर तिचं नाव लागतं. फायनान्सवाल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यावर ती फुली मारली आहे तिथे तिथे सह्या करते. पण आरटीओत नोंदवलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा असतो. ई-चलन कुणाला जातं, परमिटचं नूतनीकरण कधी आहे, हे तिला कळत नाही.

कायदा मात्र कागद बघतो. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावे नोंदणी आहे ती व्यक्ती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. गाडी पुढे दुसऱ्याला विकलेली असली, तरी नोंदणी बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच येते. भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते. पण विमा संपलेला असेल तर सगळा बोजा मालकावर येतो. ड्रायव्हरचं लायसन्स योग्य नसेल किंवा परमिट नसेल, तर भरपाई देऊन कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते. ही मालक म्हणजे आपल्या केंद्रात येणारी ती बाई. जिने गाडीची चावी कधी हातात धरलेली नाही तिच्या नावाने न्यायाधिकरणाची नोटीस येते.

तीस दिवस

आता मी एका बाईची हकिकत सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे, पण नाव सांगत नाही. ड्रायव्हर लोक तिला वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते.

२०१६ मध्ये वहिनीचा नवरा हार्ट अटॅकने गेला. घरात सासू आणि दोन लहान मुलं. दारात दोन बस, एक नवऱ्याच्या नावावर, एक तिच्या नावावर, दोन्हींवर कर्ज. तिसऱ्याच दिवशी दीर म्हणाले, 'वहिनी, तुम्ही कशाची काळजी करू नका, मी बघतो सगळं.' आणि दोन्ही चाव्या घेऊन गेले. पुढची सहलीची बुकिंगं त्यांच्याच फोनवर जाऊ लागली. वहिनी कोपऱ्यात बसून होती. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण हे आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत नसतं. गाडीचा मालक वारला तर गाडीचा ताबा ज्याच्याकडे येतो त्याला तीन महिने ती वापरता येते. मात्र त्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, की मालक वारला आहे आणि गाडी मी वापरणार आहे. परमिटचंही तसंच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ८२ म्हणतं की ३० दिवसांत कळवलं तर परमिट तीन महिने वापरता येतं, आणि त्या तीन महिन्यांत ते आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा.

कायद्याची मुदत तीस दिवस आणि रीतीची मुदत सव्वा महिना. बाई घराबाहेर पडेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. परमिट कुणाच्या हातात जाणार हे तोवर ठरून गेलेलं असतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यावर आपण सगळ्याच बोललो. त्या यादीत 'घराबाहेर पडायचं नाही' हेही ठळक लिहायला हवं. त्या कोपऱ्यात बाईची इस्टेट जाते.

वहिनीला तिची शेजारीण बाविसाव्या दिवशी केंद्रात घेऊन आली. डोक्यावरून पदर, आवाज फुटत नव्हता, पण पिशवीत हिशेबाच्या चार वह्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही आरटीओला आणि परमिट देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवलं आणि पोच घेतली. मग वारसाचा प्रश्न आला. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेत विधवा, मुलं, मुली आणि त्याची आई यांना समान हिस्सा मिळतो. हे सगळे असताना भाऊ वारस होत नाही. म्हणजे दिराचा गाडीवर कायदेशीर हक्क नव्हता. सासूचा मात्र होता. तिच्या संमतीशिवाय गाडी वहिनीच्या नावावर होणार नव्हती. (मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींसाठी वारशाचे नियम वेगळे आहेत, ते ज्याचे त्याने बघून घ्यावे लागतात. आरटीओचे ३० दिवस सगळ्यांना सारखेच.)

दिरांची खात्री होती की आई आपल्याच बाजूची. आम्हालाही सासूबाईंना भेटायला जाताना धाकधूक होती. त्या ओसरीवर बसून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, 'माझ्या लेकाला गाडीत डिझेल किती आहे ते ठाऊक नसायचं. ते हिला विचारायचा. कुठं अंगठा करायचा ते सांगा.' सासू-सुनेच्या भांडणांच्या केसेस आपल्याकडे रोज येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

चाव्या परत आल्या. पण आता गाडी चालवणार कोण?

चाकावर

पहिले दोन ड्रायव्हर टिकले नाहीत. एकाने डिझेलमध्ये हात मारला, दुसरा ऐन लग्नाच्या सकाळी आलाच नाही. वहिनी म्हणाली, 'ताई, मला स्वतःला येत असतं तर त्या दिवशी वऱ्हाडासमोर मान खाली घालायची पाळी आली नसती.' वहिनी गाडी शिकली ती या हिशेबाने. त्यात धाडसाची हौस वगैरे काही नव्हती.

नंदुरबारमध्ये वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचंही असंच झालं. भोपाळला सासर, कायद्याची पदवी, २००३ मध्ये नवरा वारला. त्यांनी त्याचा ट्रकचा धंदा चालू ठेवला, आणि ठेवलेला ड्रायव्हर अपघात करून पळून गेल्यावर स्वतः चालवायला शिकल्या. पुढे देशभर मालाचा ट्रक नेला. धंदा वाचवायचा तर चाक हाती घ्यावं लागतं, हे दोघींना सारखंच कळलं.

बसचं लायसन्स थेट मिळत नाही. आधी हलक्या वाहनाचं काढावं लागतं. ते किमान एक वर्ष जुनं झालं, वय २० पूर्ण असलं, की मग व्यावसायिक वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळतं. त्यानंतर ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, वैद्यकीय दाखला, परीक्षा, आणि प्रवासी वाहनासाठी बॅज. पूर्वी आठवी पासची अटही होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. आपल्या गटातल्या चौथी-पाचवी शिकलेल्या बाईला त्या अटीने अडवलं होतं, ती आता अर्ज करू शकते. तेव्हा ज्या मुलीला उद्या बस चालवायची असेल तिचं हलक्या वाहनाचं लायसन्स आजच काढा, म्हणजे मोजायचं ते वर्ष सुरू होईल.

'बाईला एवढं मोठं स्टिअरिंग झेपतं का?' हा प्रश्न वहिनीला सगळ्यांनी विचारला. आता गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं, एअर ब्रेक असतो. ताकदीपेक्षा अंदाज लागतो. मागच्या चाकाची वळणाची जागा, उंची, समोरच्याचा वेग, यांचा अंदाज. घाटात चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरवर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, हे तिला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी शिकवलं. काका तिच्या नवऱ्याचे उस्ताद. वर्षभर ते शेजारच्या सीटवर बसून होते.

अडचण ताकदीची नाही, व्यवस्थेची आहे. हायवेच्या ढाब्यांवर गाडी थांबली की ड्रायव्हर-क्लिनरला वेगळ्या खोलीत फुकट जेवण मिळतं. तो या लाइनचा रिवाज आहे. त्या खोलीत वहिनी बसू शकत नव्हती. ती प्रवाशांत बसून पैसे देऊन जेवायची. मुक्कामाला पुरुष ड्रायव्हर गाडीतच आडवे होतात. ती कुठे झोपणार? आणि संडास. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ची मोहीम झाली, ती शहरातल्या बायकांसाठी होती. हायवेवर बारा तास काढणाऱ्या बाईचा प्रश्न त्याहून बिकट आहे. पाणी कमी पिऊन गाडी चालवल्याने तिला मूत्रमार्गाचा त्रास सुरू झाला. शेवटी तिने लांबच्या यात्रा ड्रायव्हरकडे दिल्या, स्वतः शाळेच्या फेऱ्या आणि दिवसाच्या सहली घेऊ लागली. पोरांना घेऊन आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जाणं ही तिची आवडती फेरी. सुरुवातीला एका मुख्याध्यापकांनी 'ड्रायव्हर बदलून द्या' म्हटलं होतं. पुढच्या वर्षी पालकांनीच 'त्या बाईंची गाडी सांगा' म्हटलं.

सरकारी गाड्यांचं काय? तामिळनाडूच्या सरकारी बसवर वसंतकुमारी १९९३ मध्ये रुजू झाल्या. आपली एसटी पहिल्यांदा धावली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये सासवड-नीरा गाडीवर अर्चना आत्राम चालक म्हणून बसल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी फोटो छापले. पाऊणशे वर्षं बाई एसटीत बसत होती, पण प्रवाशाच्या सीटवर.

मालकीण आणि ड्रायव्हर

आता एक अवघड भाग. बाई मालक झाली की ती कुणाची तरी मालकीण होते. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं. शाळा बंद, लग्नं बंद, यात्रा बंद. दारात उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, टायर बसले. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालूच होतं. वहिनीने ड्रायव्हरचा पगार थांबवला. चार महिन्यांनी त्या ड्रायव्हरची बायको आमच्याच केंद्रात आली, पदरात तान्हं मूल घेऊन.

आमच्या बैठकीत मतभेद झाले. वहिनी एकटी बाई, कर्जात, तिला समजून घ्यावं असं काहींचं म्हणणं होतं. माझं आणि आणखी काही जणींचं मत असं, की पुरुष मालकाला जो नियम आपण लावला असता तोच तिलाही लावायचा. दोघींना समोरासमोर बसवलं. वहिनीने वही उघडून दाखवली, काही लपवलं नाही. लॉकडाऊनच्या आधीचा थकलेला पगार पूर्ण द्यायचा, बंद काळाचा अर्धा, आणि तोही हप्त्याने, असं ठरलं. द्यायला तिला दीड वर्ष लागलं. ड्रायव्हर आजही तिच्याकडेच आहे.

ड्रायव्हरच्या झोपेचा प्रश्नही असाच आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली, २५ माणसं गेली. अशी बातमी आली की ट्रॅव्हल्सवाल्यांच्या प्रत्येक घरात त्या रात्री कुणी जेवत नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांबच्या मार्गांसाठी दिवसाचे दहा तास. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या कामगार संहितेने घेतली आहे. पण पाचपेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या घरगुती धंद्याला तो कायदा तेव्हाही लागू नव्हता. तिथे ड्रायव्हर किती तास जागा आहे हे फक्त एका व्यक्तीला नेमकं माहीत असतं. भत्त्याची वही लिहिणाऱ्या बाईला. 'हा कालही रात्रीच्या फेरीला होता, आज याला पाठवू नका' हे माझी आई अण्णांना सांगायची. अण्णा कधी ऐकायचे, कधी नाही. वहिनीच्या वहीत ते लिहिलं गेलं की गाडी निघत नाही. माहिती आणि अधिकार एकाच हातात आले की काय फरक पडतो तो हा.

आपण काय करायचं

पहिलं. येत्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या गाडीचं आरसी बुक आणावं. बस असो, टेम्पो असो, वडापची जीप असो की रिक्षा. कुणाचं नाव आहे, कर्ज कुणाच्या सहीचं आहे, विमा आणि परमिट कधी संपतं, हे एकमेकींना वाचून दाखवायचं. नाव तुमचं असेल तर मोबाईल नंबरही तुमचाच लावून घ्या.

दुसरं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं. नवऱ्याच्या नावावरच्या गाडीला ते लावून घ्या. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, बाकीच्या वारसांचा हक्क जात नाही. पण मालक गेल्यावर कागद लवकर हलतात.

तिसरं. ज्या घरी मालक वारला तिथे आपली कार्यकर्ती पहिल्या पंधरवड्यात गेलीच पाहिजे. सांत्वनाला जा, आणि उठताना ३० दिवसांचं सांगून या. अर्जाचा मसुदा प्रत्येक केंद्रात ठेवायचा.

चौथं. बस किंवा ट्रक चालवणाऱ्या बाईची कामाची जागा म्हणजे रस्ता, ढाबा, स्टँड. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही कामाची जागा धरली आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या जिल्ह्यातली समिती कुठे बसते, तिच्या अध्यक्षा कोण, हे शोधून फलकावर लावा.

पाचवं. ढाब्यांवर आणि एसटी स्टँडवर चालक बायकांसाठी बसायची, झोपायची जागा आणि संडास यांची मागणी आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे लेखी नेऊ. मसुदा मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो वाचा, दुरुस्त्या सुचवा आणि सह्या करा. आणि ज्यांच्या घरी बस आहे अशा किती जणी इथे आहेत ते मला सत्र संपल्यावर सांगा. परवाची मोजणी आपणच सुरू करू, 'घरीच असते' असं कुणाचंही न लिहिता.